डोक्यातलं गुऱ्हाळ थांबत का नाही? अतिविचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः बरीच वर्षं या त्रासात काढली आणि शेवटी एका समुपदेशक बाईंकडे वर्षभर जाऊन त्यातून वाट काढली. तेव्हापासून लोक मला जे विचारतात, त्यातलेच हे प्रश्न. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडे कधी जायचं, तेही खाली लिहिलं आहे आणि तो भाग कृपा करून गाळू नका.

विचारी माणूस आणि अतिविचारी माणूस, फरक ओळखायचा कसा?

विचार पुढे सरकतोय का, एवढंच बघा. नोकरी बदलावी का, याचा तासभर विचार केला आणि हाती काही लागलं, तर तो कामाचा विचार. मग ते 'अमक्याला फोन करून विचारायचं' किंवा 'अजून एवढी माहिती हवी' इतकंच का असेना. तास गेला, डोकं जड झालं आणि निघालात तिथेच परत आलात, तर ते गुऱ्हाळ. रस कधीच निघून गेलेला असतो, आपण तेच चिपाड चरकात पुन्हा घालत असतो.

याची दोन रूपं असतात. एक पुढचं, 'असं झालं तर?', म्हणजे काळजी. दुसरं मागचं, 'मी असं का वागले?', म्हणजे रवंथ. मानसशास्त्रातला 'रुमिनेशन' हा शब्दसुद्धा जनावरांच्या रवंथ करण्यावरूनच आला आहे. बहुतेकांना दोन्ही होतं, दिवसा एक आणि रात्री दुसरं.

पण याने नुकसान काय होतं? विचारच तर आहेत.

होतं, आणि ते मोजलं गेलं आहे. सुझन नोलेन-होक्सेमा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर याच विषयावर काम केलं. १९८९ च्या ऑक्टोबरात उत्तर कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला, त्याच्या दोनच आठवडे आधी त्यांनी काही विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. मन उदास झालं की तुम्ही काय करता, असा त्यातला रोख होता. भूकंपानंतर त्याच मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा ज्यांना आधीपासून आपल्या दुःखावर रवंथ करण्याची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त आढळली आणि ती काही आठवड्यांनंतरही टिकून होती. घटना सगळ्यांसाठी एकच होती. त्यानंतर डोक्यात काय चाललं, त्याने फरक पाडला.

मी मुद्दाम विचार करतच नाही. ते आपोआप येतात. मग मी काय करू?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. आपल्या भाषेत विचार 'येतो' असंही म्हणतात आणि विचार 'करतो' असंही म्हणतात. ही दोन क्रियापदं वेगळी ठेवता आली की निम्मं काम झालं.

माझाच एक प्रसंग सांगते. रात्री पावणेदहाला वरिष्ठांचा मेसेज आला, "उद्या सकाळी जरा बोलू." बस, एवढाच. वाचताक्षणी मनात पाल चुकचुकली: काहीतरी चुकलंय. हा विचार आला. त्यावर माझा काही ताबा नव्हता. पण पुढे मी काय केलं? मागच्या महिन्याचे ईमेल उघडले. 'जरा' या शब्दाचा अर्थ लावत बसले. माझ्या हातून काय काय चुकलं असेल याची मनातल्या मनात यादी केली, ती अकरा गोष्टींवर गेली. मग प्रत्येक गोष्टीला मी काय उत्तर देईन ते जुळवलं. घड्याळात पावणेतीन वाजले. हे सगळं आलं नव्हतं, मी केलं होतं.

सकाळी त्यांनी खरोखरच एक चूक दाखवली. दहा मिनिटांत दुरुस्त झाली. माझ्या अकरांत ती नव्हतीच.

पहिला विचार थांबवायला जाऊ नका, तो तुमच्या हातात नाही. दुसऱ्यापासून पुढचे हातात असतात. सुरुवातीला तिसाव्या विचाराला भान येईल, मग विसाव्या, मग पाचव्या. भान आलं की स्वतःला इतकंच सांगायचं: 'मी करायला लागले.' स्वतःवर चिडायचं मात्र नाही, कारण चिडणं हा एकतिसावा विचार असतो.

'विचार करू नकोस' असं बजावलं की उलट जास्त का येतात?

कारण मनाचं कामच तसं चालतं. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर 'आता खुशाल करा अस्वलाचा विचार' असं सांगितलं, तर ज्यांनी आधी दाबून धरलं होतं त्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षाही जास्त वेळा आलं.

विचार आला का, हे तपासायला मनाला त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो आणि पहारा ठेवायचा तर तो आठवावाच लागतो. म्हणून 'नको, नको' करू नका. त्याला नाव द्या, 'हा काळजीचा विचार', आणि हातातलं काम चालू ठेवा. पंखा फिरत असतो, आपण वाचत असतो. आवाज येतो, पण आपण पंख्याशी बोलत नाही. तसं.

काळजीसाठी रोजची वेळ ठरवायची, असं ऐकलं. ते नेमकं कसं करतात?

हा उपाय मला सगळ्यात जास्त लागू पडला, म्हणून सविस्तर लिहिते. थॉमस बोर्कोवेक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तो मांडला. कल्पना अशी की काळजी दिवसभर, वाटेल तिथे करत राहिलं की प्रत्येक जागेला आणि प्रत्येक वेळेला काळजीची सवय लागते. बिछाना दिसला की काळजी, गाडीत बसलं की काळजी. म्हणून तिला एकच जागा आणि एकच वेळ द्यायची. त्यांनी अर्धा तास सांगितला होता, मला वीस मिनिटं पुरायची.

वेळ संध्याकाळची घ्या, झोपेच्या अगदी आधीची नको. जागा अशी निवडा जिथे एरवी तुम्ही निवांत बसत नाही, आवडती आरामखुर्ची यात वाया घालवू नका. दिवसभरात काळजी डोकावली की ती एका ओळीत वहीत टिपायची, 'साडेपाचला बघू' म्हणायचं आणि कामाला लागायचं. ती दहा वेळा परत येईल. दहाही वेळा तेच उत्तर द्यायचं. हे दाबून टाकणं नाही, पुढे ढकलणं आहे. 'कधीच नाही' हे मनाला पटत नाही, 'आत्ता नाही' हे बऱ्याचदा पटतं.

साडेपाच वाजले की वही घेऊन बसायचं आणि मनापासून काळजी करायची. माझ्या वहीचं एक पान असं होतं:

'गुडघा दुखतोय, मोठं काही असेल.
बहीण फोनवर तुटक बोलली.
शुक्रवारचा अहवाल अपुरा आहे.
मी म्हातारपणी एकटी पडेन.'

पान वाचताना पहिल्यांदाच एक गोष्ट जाणवली. या चार ओळी चार वेगळ्या जातीच्या होत्या. अहवालाचं काहीतरी करता येत होतं, म्हणून त्याच्यापुढे लिहिलं: उद्या दहा वाजता, पहिला तास. गुडघ्यापुढे: डॉक्टरांची वेळ घेणे. बहिणीची ओळ वाचेपर्यंत विरली होती, दुपारी जो घोर लागला होता तो संध्याकाळी सापडेचना. असं वारंवार होतं. आणि चौथ्या ओळीचं त्या दिवशी काहीच करता येण्यासारखं नव्हतं. ती तशीच ठेवली. उत्तर नसलेला प्रश्न उत्तराविना ठेवता येणं हे मला फार उशिरा जमलं.

वेळ संपली की वही मिटायची. गजर लावा, नाहीतर वीस मिनिटांचे दीड तास होतात. आणि पहिल्या आठवड्यात 'हे काही जमत नाही' असं वाटेल, तरी निदान दोन-तीन आठवडे सोडू नका.

काळजी करणं सोडलं तर मी बेफिकीर होईन. काळजी केली म्हणूनच आजवर सगळं नीट झालं ना?

ही समजूत खूप खोलवर रुतलेली असते. एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाच्या उपचारपद्धतीत तर याच समजुतींवर आधी काम करतात: 'काळजी मला सावध ठेवते' ही एक, आणि 'काळजीवर माझा ताबाच नाही' ही दुसरी. दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदतात.

तपासून बघायचा मार्ग वहीतच आहे. काळजी लिहा, महिन्याने परत या आणि खरं काय झालं ते पुढे लिहा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिंताविकाराने त्रस्त असलेल्या २९ जणांनी हेच केलं आणि त्यांनी नोंदवलेल्या भाकितांपैकी सुमारे ९१ टक्के खरी ठरली नाहीत. अभ्यास छोटा आहे, पण तुमची वही तुमच्यापुरती पुरेशी आहे. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण उगाच पडलेली नाही.

तयारी करणं वेगळं. परीक्षेचा अभ्यास, प्रवासाची कागदपत्रं, आजाराची तपासणी यांत हात कामाला लागतात. काळजी करताना माणूस नुसता बसून असतो.

रात्री पाठ टेकली की सुरू होतं. दिवसा बरी असते. असं का?

दिवसा कामं, आवाज, माणसं मनाला बाहेर ओढून धरतात. बाहेरचं काम थांबलं की मेंदू गप्प बसत नाही. त्यातले काही भाग उलट जास्त सक्रिय होतात. मार्कस राइकल हे मेंदूतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याला 'डीफॉल्ट मोड' असं नाव दिलं. स्वतःबद्दल, भूतकाळाबद्दल, पुढच्या शक्यतांबद्दलचे विचार याच भागांच्या जाळ्याशी जोडलेले आहेत. म्हणजे अंधारात, शांततेत, पडल्यापडल्या मन भटकणं हा तुमचा दोष नाही. त्यात दमलेल्या मेंदूला राईचा पर्वत करायला वेळ लागत नाही.

दोन गोष्टी करून बघा. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर लिहा. २०१८ च्या एका प्रयोगात अशी यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. 'आईचं बघायचं' असं मोघम नको. 'सकाळी अकराला आईच्या डॉक्टरांना फोन' असं लिहा.

दुसरी गोष्ट कंटाळवाणी आहे, पण निद्रानाशाच्या उपचारात तिला मोठा मान आहे. वीसेक मिनिटं तळमळलात की उठा, घड्याळ न बघता, अंदाजाने. दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी संथ करा, झोप आली की परत या. बिछान्याची आणि विचारांची गाठ सुटायला हाच रस्ता आहे. पडल्यापडल्या झोपेसाठी धडपडणं म्हणजे पुन्हा पांढरं अस्वल. आणि रात्री तीन वाजता आयुष्याबद्दल काढलेला कुठलाही निष्कर्ष सकाळी चहा-कॉफी होईपर्यंत मान्य करायचा नाही, हा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

झालेला प्रसंग डोक्यातून जातच नाही. 'मी तसं का बोललो' हेच सारखं.

'का' सोडा, 'कसं' धरा. एडवर्ड वॉटकिन्स या मानसशास्त्रज्ञाने रवंथावर बरंच संशोधन केलं आहे आणि त्याचं सांगणं थोडक्यात असं: 'मी असाच का आहे?' हा प्रश्न इतका मोठा आणि धूसर असतो की त्याला उत्तर नसतं, त्यातून फक्त स्वतःवर शिक्के बसतात. तोच प्रसंग बारकाईने, क्रमाने घ्या. कोण काय म्हणालं, माझा आवाज कुठल्या वाक्याला चढला, त्याआधी काय झालं होतं, पुढच्या वेळी त्या जागी मी काय म्हणेन. यातून निघतं ते वापरता येतं. माफी मागायची असेल तर मागून टाका. चाळीस रात्री मनात मागितलेल्या माफीपेक्षा एक तोंडी माफी बरी.

आणखी एक साधी युक्ती. स्वतःशी 'मी' ऐवजी स्वतःचं नाव घेऊन बोला: 'अमुक, तुला त्या क्षणी काय झालं?' ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत अशा बोलण्याने लोकांना स्वतःपासून थोडं अंतर मिळालं. मैत्रिणीशी बोलताना आपण आपोआप समजुतीने बोलतो, ते इथे घडतं.

छोटासा निर्णय घ्यायलाही दिवसच्या दिवस लागतात.

माणूस निर्णय कसे घेतो याचा अभ्यास करणाऱ्या हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकातच दाखवून दिलं की सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडणं माणसाला बहुतेक वेळा शक्यच नसतं, म्हणून आपण 'पुरेसं चांगलं' निवडतो. पुढे त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अतिविचारी माणूस नेमकं हेच मान्य करत नाही. मला काय लागतं, याच्या दोन-तीन अटी आधी लिहा. त्या पूर्ण करणारा पहिला पर्याय घ्या आणि नंतर उरलेले पर्याय बघत बसू नका. परत फिरता येण्यासारख्या निर्णयांना मिनिटं द्या, न फिरता येणाऱ्यांना दिवस द्या. आपण बहुतेक उलटं करतो.

ध्यानाला बसले की विचार वाढतात. मला ध्यान जमत नाही का?

वाढत नाहीत, दिसायला लागतात. विचार बंद होणं हे ध्यानाचं मोजमाप धरू नका. भटकलेलं मन परत श्वासावर आणलं, ते व्यायामाचं एक आवर्तन. वीस वेळा भटकलं आणि वीस वेळा आणलं, म्हणजे वीस आवर्तनं झाली. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत एका वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला सजगतेचा कार्यक्रमसुद्धा आठ आठवड्यांचा आहे, आठ मिनिटांचा नाही.

मात्र काही जणांना डोळे मिटून बसलं की धडधड वाढते, जुने आघात वर येतात. त्यांनी रेटू नये. चालावं, भांडी घासावी, झाडांना पाणी घालावं आणि लक्ष हातापायांवर ठेवावं. छातीत फारच धडधडत असेल तर श्वास सोडण्याची लांबी वाढवा: नाकाने खोल श्वास, त्यावर आणखी एक छोटा श्वास, मग तोंडाने हळूहळू सगळा सोडायचा. असं काही मिनिटं. शरीर थोडं खाली आलं की मन ऐकण्याच्या स्थितीत येतं.

चहा-कॉफी, मोबाईल यांचा संबंध आहे का?

आहे. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. त्यामुळे संध्याकाळचा कप रात्रीच्या धडधडीत हजर असू शकतो. मोबाईलचं म्हणाल तर 'लक्षणं शोधणं' आणि 'शेवटचं कधी ऑनलाइन होता ते बघणं' या दोन गोष्टी बंद करा.

मी घरच्यांना सारखं विचारते, 'सगळं ठीक होईल ना?' 'चिडला नाहीस ना?' यात वाईट काय?

वाईट काही नाही, पण उपयोग फार वेळ टिकत नाही. 'ठीक होईल' ऐकलं की जीव भांड्यात पडतो, तासाभराने पुन्हा टांगणीला लागतो. दर खेपेला मन शिकतं की अनिश्चितता मला सोसत नाही, कुणीतरी येऊन ती काढून टाकायला हवी. विचारावंसं वाटलं की पंधरा मिनिटं थांबा. मग अर्धा तास. बऱ्याचदा विचारायची गरजच ओसरते.

आमच्या घरात असं एक माणूस आहे. आम्ही काय करावं?

'इतका विचार करू नकोस' हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्याला तेवढं जमत असतं तर त्याने केव्हाच केलं असतं. वाद घालून काळजी खोटी ठरवायलाही जाऊ नका, त्याचं डोकं त्या वादात तुमच्यापेक्षा तयार असतं. 'तुला फार घोर लागलाय हे दिसतंय, वहीत लिहायचं का? मग जरा चालून येऊ' इतकं पुरतं. आणि दहाव्यांदा तोच प्रश्न आला तर प्रेमाने म्हणा, 'याचं उत्तर मी दिलंय, आता परत देणार नाही, पण इथेच बसते.'

डॉक्टरांकडे कधी जावं?

झोप, भूक, काम किंवा नाती यांवर परिणाम होऊ लागला की जा, 'हाताबाहेर जाईपर्यंत' थांबू नका. सहा महिने किंवा जास्त काळ बहुतेक दिवस आवरता न येणारी काळजी आणि सोबत स्नायू आखडणं, थकवा, चिडचिड, झोपमोड असेल, तर तो सर्वव्यापी चिंताविकार असू शकतो. नको ते विचार घुसत असतील आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा धुणं, तपासणं, मोजणं करावं लागत असेल, तर तो मंत्रचळाचा आजार (ओसीडी) असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. वहीवर भागवू नका. कधी थायरॉइडचा दोषही अशी धडधड निर्माण करतो, एका रक्ततपासणीत ते कळतं.

उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या विचार-वर्तन उपचारपद्धतीला (सीबीटी) भक्कम पुरावा आहे. गरज पडल्यास औषधं दिली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती स्वतःच्या मनाने बंद करायची नसतात.

जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हे पान इथेच ठेवा. जवळच्या माणसाला आत्ता सांगा, एकटे राहू नका, आणि तुमच्या भागातली मदतवाहिनी किंवा रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.

किती दिवसांत फरक पडतो?

मला पहिला फरक जाणवला तो साधारण दीड महिन्याने, आणि तो विचार कमी झाल्याचा नव्हता. विचार तेवढेच येत होते, मी त्यांच्या मागे कमी जात होते. मग आजारपणात, बदलीच्या वेळी, घरातल्या एका मृत्यूनंतर सगळं परत आलं. तेव्हा वाटलं, वर्षभराची मेहनत पाण्यात गेली. समुपदेशक बाईंनी फक्त विचारलं, "वही कुठे आहे?" वही कपाटात होती. काढली, तारीख घातली आणि पहिली ओळ लिहिली.